न चाललेला पहिला प्रोग्राम

कवी बायरनची लेक एडा लव्हलेस हिचा जन्म १८१५ चा, लंडनमधला. वडिलांचा लहरीपणा मुलीत उतरू नये म्हणून आईने तिला गणित शिकवले. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रावरील फ्रेंच लेखाचे तिचे भाषांतर १८४३ मध्ये प्रसिद्ध झाले. सोबत तिच्या टिपा, मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट! शेवटच्या टिपेत बर्नोली संख्या काढण्याच्या पायऱ्या खतावणीसारख्या रकान्यांत मांडल्या आहेत. हाच जगातला पहिला प्रोग्राम मानला जातो. त्यातल्या एका भागाकारात अंश-छेद उलटे छापले गेले. पण ताळा कशावर करणार? यंत्र कधी पुरे झालेच नाही. १८५२ मध्ये, ३६ व्या वर्षी एडा गेली. आपल्या घरातल्या लेकीचा पहिला प्रोग्राम अडला, तर तिला हे जरूर सांगावे. तिची चूक दाखवायला समोर यंत्र तरी आहे.