'आजची किंमत' काढायला शिकवणारे आयर्विंग फिशर स्वतः कर्जात कसे बुडाले?

ऑक्टोबर १९२९. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नुसती धूम होती. सामान्य माणसंही उधारीवर शेअर्स घेत होती. अशातच अमेरिकेतले सगळ्यात नावाजलेले अर्थतज्ज्ञ एका भाषणात सांगून गेले की, भाव आता एका उंच पठारावर पोहोचलेत आणि बहुतेक कायमचे तिथेच राहतील.

पुढच्या दोनच आठवड्यांत बाजार कोसळला. त्यात या अर्थतज्ज्ञांची स्वतःची संपत्तीही गेली.

त्यांचं नाव आयर्विंग फिशर. बी.कॉम. झालेल्यांनी निर्देशांकाच्या धड्यात 'फिशरचा निर्देशांक' घोकलेला असेल. तेच हे फिशर. पण त्यांचं खरं मोठं काम वेगळं आहे. आज एखाद्या रोख्याची, शेअरची किंवा अख्ख्या कंपनीची किंमत ज्या पद्धतीने काढतात, तिला नीट सिद्धांताचं रूप त्यांनी दिलं.

मग ज्याला किंमत काढता येत होती, तोच माणूस बुडाला कसा?

फिशर यांचा जन्म १८६७ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीज गावातला. वडील धर्मोपदेशक. मुलगा येल विद्यापीठात जायच्या बेतात असतानाच ते टीबीने गेले. आई आणि धाकटा भाऊ यांची जबाबदारी अंगावर आली. फिशर यांनी शिकवण्या घेऊन घर चालवलं, स्वतः शिकले आणि १८९१ मध्ये येलमधून अर्थशास्त्रातली पीएच.डी. मिळवली. त्यांच्या गुरूंपैकी एक होते विलार्ड गिब्ज, म्हणजे थेट भौतिकशास्त्रातलं मोठं नाव. त्यामुळे अर्थशास्त्रही गणिताने सुटतं, ही खात्री फिशर यांना पहिल्यापासून होती. बाजारात भाव कसे ठरतात हे दाखवायला त्यांनी चक्क पाण्याच्या टाक्यांचं एक यंत्र बनवलं होतं.

१८९८ मध्ये त्यांनाही टीबी झाला. बरं व्हायला जवळपास तीन वर्षं गेली. त्यानंतर त्यांच्या कामाचा झपाटा बघितला, तर हातातला वेळ मोजून खर्च करणारा माणूस दिसतो.

उद्याचे लाख आज किती?

समजा, तुम्हाला कुणी पाच वर्षांनी एक लाख रुपये द्यायचा पक्का शब्द दिला. त्या शब्दासाठी आज किती पैसे मोजाल? लाख तर नक्कीच नाही. आज ६८ हजार ५८ रुपये ८ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले, तर पाच वर्षांनी त्यांचे लाख होतात. म्हणून ८ टक्के दराने त्या लाखाची आजची किंमत ६८ हजार ५८. यालाच प्रेझेंट व्हॅल्यू किंवा वर्तमान मूल्य म्हणतात. दर १२ टक्के धरला, तर तेच लाख आज ५६ हजार ७४३ रुपयांवर येतात. शब्द तोच आणि रक्कमही तीच. फक्त दर बदलला आणि ११ हजारांहून जास्त फरक पडला.

ही आकडेमोड फिशर यांनी शोधलेली नाही. विमा आणि कर्जरोख्यांच्या धंद्यात ती शतकांपासून चालत आली होती. १९०६ च्या 'द नेचर ऑफ कॅपिटल अँड इन्कम' या पुस्तकात त्यांनी ती सगळ्या भांडवलाला लावली. फळबागेची किंमत झाडं लावायला आलेल्या खर्चाने ठरत नाही. पुढे येणाऱ्या फळांच्या उत्पन्नाची आजची किंमत जितकी, तितकी बागेची किंमत. घर, कारखाना, शेअर, सगळ्यांना हाच नियम.

व्याज मुळात का असतं, हेही त्यांनी उलगडलं. माणसाला पैसा उद्यापेक्षा आज हवा असतो, ही झाली अधीरता. आणि आज गुंतवलेल्या पैशातून उद्या जास्त निघू शकतात, ही झाली संधी. या दोघांच्या ओढाताणीतून दर ठरतो.

यात भारताचाही एक धागा आहे. महागाई आणि व्याजदर यांचं नातं तपासायला त्यांनी १८९६ मध्ये ब्रिटिश भारत सरकारचे रोखे घेतले होते. काही रोखे रुपयातले, म्हणजे चांदीतले. काही पौंडातले, म्हणजे सोन्यातले. दोन्हींचे भाव लंडनमध्ये निघायचे. कर्जदार सरकार एकच. तरी चांदी घसरत असल्यामुळे रुपयातल्या रोख्यांवर लोक जास्त परतावा मागत होते. महागाई धरून व्याजदर आणि वजा करून व्याजदर, हा आज बातम्यांत ऐकू येणारा फरक समजावणारं सूत्र फिशर यांच्याच नावाने ओळखलं जातं.

आणि हो, १९०६ च्या त्या पुस्तकात जोखमीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. भविष्यातली कमाई अनिश्चित असेल, तर सावधगिरीपोटी तिची किंमत आणखी कमी धरायची, हे त्यात आहे. म्हणजे जोखीम त्यांना कळत नव्हती, असं अजिबात नाही.

कार्डांच्या ट्रेमधून आलेले कोट्यवधी

फिशर यांच्याकडे ढीगभर नोंदी असायच्या. हवं ते कार्ड झटकन सापडावं म्हणून त्यांनी प्रत्येक कार्डाची कड दिसत राहील अशी एक रचना शोधली आणि तिचं पेटंट घेतलं. बनवायला कुणी तयार होईना. मग पत्नी मार्गारेट यांच्या श्रीमंत माहेरच्या पैशाच्या आधारावर स्वतःच कंपनी काढली. १९२५ मध्ये ती एका मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि तिच्यातूनच पुढे रेमिंग्टन रँड उभी राहिली. मोबदल्यात फिशर यांना शेअर्स मिळाले. भाव चढत गेले, तसे त्यांनी कर्ज काढून आणखी शेअर्स घेतले. ऐन तेजीत त्यांची संपत्ती एक कोटी डॉलरच्या आसपास होती.

खरी गडबड इथेच होती. समजा, तुमचे शंभर आणि उधारीचे शंभर मिळून दोनशेचे शेअर्स घेतले. भाव निम्म्यावर आला की तुमचे शंभर संपले. उधारीचे शंभर मात्र तसेच उभे. त्यातही फिशर यांचा मोठा पैसा एकाच कंपनीत अडकलेला होता.

त्यांना इतका भरवसा का होता? नवं तंत्रज्ञान आलंय, कारखाने शास्त्रशुद्ध चालतात, दारूबंदीमुळे कामगार जास्त काम करतात, म्हणून नफे वाढणार आणि चढे भाव योग्य आहेत, असं त्यांचं गणित होतं. पुढे काही अर्थतज्ज्ञांनी हिशोब करून म्हटलंय की, १९२९ चे भाव वाटतात तितके फुगलेले नव्हतेच. पण ते खरं मानलं तरी फिशर वाचले नसते. भाव परत येईपर्यंत थांबायची मुभा कर्ज काढून बसलेल्या माणसाला नसते.

विज्ञानाच्या नावाने कुणी काही मांडलं की त्यावर विश्वास ठेवायची त्यांची सवय बाजारापुरती नव्हती. ते सुप्रजननशास्त्राच्या, म्हणजे युजेनिक्सच्या चळवळीत पुढे होते. आज तो विचार घातक मानला जातो. मुलगी मानसिक आजारी पडली, तेव्हा शरीरातला जंतुसंसर्ग काढला की असे आजार बरे होतात, असा दावा करणाऱ्या डॉक्टरकडे त्यांनी तिला सोपवलं. शस्त्रक्रिया झाल्या आणि १९१९ मध्ये ती गेली.

बाजार कोसळल्यावरही फिशर मागे हटले नाहीत. सावरेल, असं सांगणारं पुस्तकच त्यांनी १९३० मध्ये काढलं. डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता. जुलै १९३२ मध्ये तो ४१ वर आला. नातेवाइकांच्या पैशांनाही झळ बसली. वेलस्ली कॉलेजच्या माजी अध्यक्ष असलेल्या मेहुणी कॅरोलाइन हॅझर्ड यांच्याकडून फिशर यांना लाखो डॉलर घ्यावे लागले. घर हातचं जाऊ नये म्हणून येल विद्यापीठाने ते विकत घेतलं आणि त्यांनाच भाड्याने दिलं.

याच दिवसांत, १९३३ मध्ये, त्यांनी एक लेख लिहिला. कर्ज फेडायला सगळे एकदम मालमत्ता विकायला निघाले की भाव पडतात. भाव पडले की प्रत्येक डॉलर जड होतो. मग फेडत राहूनही उरलेलं कर्ज आधीपेक्षा मोठं वाटू लागतं. याला त्यांनी डेट-डिफ्लेशन म्हटलं. पण पठारावाल्या माणसाचं तेव्हा कोण ऐकणार? २००८ च्या मंदीत हा लेख पुन्हा बाहेर काढला गेला.

फिशर २९ एप्रिल १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये वारले. डाऊ जोन्सला १९२९ ची पातळी परत गाठायला १९५४ चा नोव्हेंबर उजाडला.