लूर्दच्या बर्नादेतची सत्त्वपरीक्षा

फ्रान्स देशी पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लूर्द नावाचे गाव आहे. तेथे १८४४ साली एका दरिद्री पिठगिरणीवाल्याच्या पोटी बर्नादेत सूबिरू जन्मली. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी सरपण वेचीत असता, मासाबियेलच्या गुहेत आपणांस एका तेजस्विनीचे दर्शन घडले, असे तिने सांगितले. १६ जुलैपर्यंत अशी अठरा दर्शने झाली. भाविकांची रीघ लागली. धर्माधिकारी मात्र सावध राहिले. गावचे धर्मगुरू पेरामाल यांनी प्रथम संशयच घेतला, पोलिसांनी उलटतपासणी केली. मुलीचे कथन ढळले नाही. तार्बचे बिशप लोरांस यांनी चौकशी मंडळ नेमले आणि साक्षी व बरे झालेले रोगी पारखून १८६२ साली मान्यता दिली. तथापि असा खासगी साक्षात्कार मानण्याची सक्ती कॅथलिक धर्मात कोणावरही नाही.

बर्नादेतने कोणाकडून द्रव्य घेतले नाही. १८६६ साली नेव्हेरच्या मठात जाऊन ती रुग्णसेवेत रमली आणि १८७९ साली, पस्तिसाव्या वर्षी, दीर्घ व्याधी सोशीत निवर्तली. १९३३ साली तिला संतपद लाभले, ते दर्शनांपेक्षा तिच्या निरहंकारी आचरणास्तव. चमत्कार ऐकताच धावणाऱ्या भाविक मनाने हा विवेक ध्यानी धरावा, असे आम्हांस वाटते. परीक्षेने खरी श्रद्धा उणावत नाही, ती उजळते.