जूल्यो बिझोझेरो

जूल्यो बिझोझेरो (२० मार्च १८४६ – ८ एप्रिल १९०१) हे इटालियन वैद्य, विकृतिवैज्ञानिक व ऊतकवैज्ञानिक होते. रक्तातील बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट, हा रक्ताचा स्वतंत्र घटक आहे आणि रक्तस्राव थांबविण्यात व रक्तवाहिनीत गुठळी होण्यात त्याचाच पुढाकार असतो, हे त्यांनी १८८१-८२ मध्ये सिद्ध केले.

जीवन

बिझोझेरो यांचा जन्म लोम्बार्डी प्रांतातील व्हारेसे येथे झाला. पाव्हिया विद्यापीठातून १८६६ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, ते वैद्यकाचे पदवीधर झाले. तेथे पाओलो मान्तेगाझ्झा यांच्या प्रायोगिक विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्यांनी सूक्ष्मदर्शकाचे काम आत्मसात केले आणि लवकरच त्या प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. बर्लिन येथे रुडोल्फ फिरखो यांच्याकडेही त्यांनी काही काळ अध्ययन केले. पाव्हियातील त्यांच्या शिष्यांत कामिल्लो गोल्जी होते. गोल्जी गुरूपेक्षा वयाने तीन वर्षांनी मोठे होते. पुढे बिझोझेरो यांच्या भाचीशी त्यांचा विवाह झाला व १९०६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तांबड्या रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात, हे बिझोझेरो यांनी १८६८ मध्ये दाखविले. त्याच वर्षी जर्मनीत एर्न्स्ट नॉयमान हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले होते, त्यामुळे या शोधाचे श्रेय दोघांनाही दिले जाते. सत्ताविसाव्या वर्षी बिझोझेरो तोरिनो (तुरीन) विद्यापीठात सामान्य विकृतिविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १८७६ मध्ये त्यांनी वैद्यकीय शास्त्रांना वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. सूक्ष्मदर्शकाचा वापर रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचविणारी त्यांची चिकित्सालयीन सूक्ष्मदर्शनावरील पुस्तिका १८७९ मध्ये प्रसिद्ध झाली व अनेक भाषांत अनुवादित झाली.

बिंबाणूंवरील संशोधन

रक्तातील हे बारीक कण बिझोझेरो यांच्याआधीही अनेकांनी पाहिले होते. माक्स शुल्ट्झे यांनी १८६५ मध्ये व विल्यम ऑस्लर यांनी १८७४ च्या सुमारास त्यांचे वर्णन केले होते. परंतु ते कण नेमके काय आहेत, याविषयी एकमत नव्हते. फुटलेल्या पांढऱ्या पेशींचे ते तुकडे असावेत, असे काहींना वाटे. रक्त शरीराबाहेर येताच होणारा तो बिघाड आहे, असेही मत होते. फ्रान्सचे जॉर्ज हायेम त्यांना भावी तांबड्या पेशी मानीत. रक्त गोठण्याचे मूळ पांढऱ्या पेशींच्या विघटनात आहे, ही अलेक्झांडर श्मिट यांची उपपत्ती त्या काळी प्रभावी होती.

बाहेर काढलेल्या थेंबावर हा वाद मिटणे शक्यच नव्हते, कारण काचेला स्पर्श होताच हे कण एकमेकांना चिकटतात व त्यांचा आकार बदलतो. म्हणून बिझोझेरो यांनी वाहते रक्त तपासले. ससा, गिनीपिग यांसारख्या जिवंत प्राण्यांचा आंत्रबंध, म्हणजे आतड्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा, त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पसरला. त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत तांबड्या व पांढऱ्या पेशींबरोबर रंगहीन, चपट्या चकत्या वाहताना त्यांना दिसल्या. याचा अर्थ हा घटक निरोगी जिवाच्या रक्तातच असतो.

मग त्यांनी वाहिनीच्या भिंतीला इजा केली. इजेच्या जागी सर्वप्रथम या चकत्याच चिकटल्या. त्यांवर आणखी चकत्या जमून पांढुरकी गुठळी तयार झाली. पांढऱ्या पेशी त्यात नंतर अडकत. रक्तात बुडविलेल्या दोऱ्यांवरही चकत्यांचा थर जमला, आणि तेथूनच गोठण्यास सुरुवात होते असे त्यांनी मांडले. आज चिकटणे, पुंजके होणे व तंत्वी (फायब्रिन) तयार होणे असे जे टप्पे शिकविले जातात, त्यांतील पहिले दोन त्यांनी प्रत्यक्ष पाहून सांगितले होते. इटालियन भाषेत त्यांनी या कणांना 'लहान चकती' अशा अर्थाचे नाव दिले.

एक दुवा मात्र त्यांच्या हातून निसटला. अस्थिमज्जेतील महापेशींचे वर्णन त्यांनी १८६९ मध्येच केले होते, पण बिंबाणू याच पेशींपासून तुटून तयार होतात हे त्यांच्या ध्यानात आले नाही. ते १९०६ मध्ये अमेरिकेतील जेम्स होमर राइट यांनी दाखविले. दोन्ही गोष्टी पाहिलेला माणूस त्यांची सांगड घालू शकला नाही, ही रक्तविज्ञानाच्या इतिहासातील एक विलक्षण बाब मानावी लागेल.

उत्तरायुष्य

१८९० मध्ये ते इटलीच्या सिनेटचे सदस्य झाले. कुत्र्याच्या जठरातील ग्रंथींमध्ये त्यांना मळसूत्री आकाराचे जंतू आढळले (१८९२-९३). त्यांच्या वर्गातील जंतूंचा जठराच्या व्रणाशी असलेला संबंध १९८० च्या दशकात बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांच्या कामातून स्पष्ट झाला. ऊतकांची पेशींच्या पुनर्जननक्षमतेनुसार तीन गटांत विभागणी त्यांनी १८९४ मध्ये रोम येथील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत मांडली. ती आजही पाठ्यपुस्तकांत शिकविली जाते.

पुढे डोळ्यांच्या विकाराने त्यांना सूक्ष्मदर्शक सोडावा लागला. ज्या साधनावर सारी कीर्ती उभी होती तेच दुरावल्यावर ते सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नांकडे वळले व त्यांवर लेखन करू लागले. न्यूमोनियाने तोरिनो येथे त्यांचे निधन झाले.

वाहत्या रक्तातील बिंबाणू परक्या पृष्ठभागाला कसे चिकटतात, हा त्यांचा प्रश्न अद्याप वैद्यकात जिवंत आहे. कृत्रिम झडपा असोत वा औषध वाहून नेणारे अब्जांश कण, रक्ताच्या संपर्कात येणाऱ्या पदार्थामुळे बिंबाणूंचे पुंजके होतात का, हे वापरापूर्वी तपासले जाते.