बाबासाहेब आणि मुलांच्या शाळेची सुनावणी

नाशिकमध्ये २ मार्च आला की काळाराम मंदिर सत्याग्रहाची आठवण निघते. १९३० सालचा तो दिवस, कर्मवीर दादासाहेब गायकवाड, मंदिराचा बंद दरवाजा आणि पुढे १९३५ पर्यंत चाललेला लढा आपल्याला पाठ आहे. आम्ही इथल्या वस्त्यांमध्ये मुलांच्या शिक्षणाचे काम करतो. त्या कामामुळे आमचे लक्ष त्याच मार्च महिन्यातल्या दुसऱ्या एका घटनेकडे गेले. मुंबई सरकारच्या एका चौकशी समितीने तेव्हाच आपला अहवाल दिला होता, आणि त्या समितीचे एक सदस्य स्वतः बाबासाहेब होते. सत्याग्रहाच्या तसबिरी घरोघरी आहेत, समितीचे नाव मात्र आपल्या तरुणांना सांगता येत नाही. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र आज या बाजूने सांगावेसे वाटते. आयोग, समित्या आणि विधिमंडळ यांच्यासमोर बसून त्यांनी मुलांची आणि कुटुंबांची बाजू कशी लढवली, याची ही गोष्ट आहे.

गोष्ट सुरू होते साताऱ्याला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत भिवाचे नाव दाखल झाले. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. भिवाला वर्गात कोपऱ्यात बसावे लागे, खाली घरून आणलेले गोणपाट. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे, आणि शिपाई नसला तर पाणी नाही. म्हणजे शाळेत नाव होते, पण शाळा मिळालेली नव्हती. हा फरक बाबासाहेब पुढे कधीच विसरले नाहीत. त्यांच्या सगळ्या साक्षींमध्ये आणि निवेदनांमध्ये तो सापडतो.

एल्फिन्स्टन, कोलंबिया, लंडन, बडोदा हा प्रवास वाचकांना ठाऊक आहे. २७ जानेवारी १९१९ रोजी, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना, ते मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीसमोर पहिल्यांदा साक्षीला बसले. वय होते अठ्ठावीसच्या आत. तिथला विषय मतदानाचा होता, शाळेचा नव्हता, पण साक्षीला जायचे तर लेखी निवेदन आणि आकडे घेऊनच जायचे, ही त्यांची रीत तिथपासूनच दिसते.

फेब्रुवारी १९२७ मध्ये ते मुंबई विधान परिषदेत नियुक्त सदस्य म्हणून आले. त्याआधी, १९२३ मध्ये, सी. के. बोले यांचा ठराव याच परिषदेने मंजूर केला होता. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. चवदार तळ्याचा सत्याग्रह या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी होता हे आपण सांगतो, पण त्यात शाळाही होत्या हे सांगायचे राहून जाते.

महाडला तळ्याचे पाणी प्यायले २० मार्च १९२७ रोजी. त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, बाबासाहेब परिषदेत शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. १९२३-२४ मध्ये सरकारने शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च केले, आणि दारूच्या महसुलातून माणशी दोन रुपये दोन आणे नऊ पै गोळा केले. दारूतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणाला द्या, असा त्यांचा साधा हिशोब होता. दुसरा आकडा आम्हांला जास्त महत्त्वाचा वाटतो. प्राथमिक शाळेत शंभर मुले शिरली तर चौथीपर्यंत अठरा पोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सभागृहाला दाखवून दिले. ज्याला आज आपण गळती म्हणतो, तिची मोजणी त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडली होती.

पुढच्या वर्षी, २८ जुलै १९२८ रोजी, गिरणी कामगार बायांना बाळंतपणात रजा आणि भत्ता देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे ही देशाच्या हिताची बाब आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारने उचलावा, पण तोपर्यंत बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकाने तो टाळू नये, असे त्यांनी मांडले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा झाला.

आता सायमन कमिशनकडे येऊ. काँग्रेसने त्यावर बहिष्कार घातला होता. बाबासाहेब कमिशनपुढे गेले, म्हणून त्यांच्यावर देशद्रोहाचे आरोप झाले. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी दोन निवेदने दिली. त्यांतले राजकीय हक्कांचे निवेदन बरेच चर्चिले गेले. दुसरे, मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाच्या स्थितीवरचे, फार कमी वाचले जाते. आमच्या मते ते आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात वाचले पाहिजे. त्यात १८५६ सालच्या धारवाडच्या एका महार मुलाची हकिकत आहे. त्याने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी बाकीच्या मुलांची शाळा मोडायची का, असा सरकारचा पवित्रा होता. नंतर धोरण बदलले, शाळा कागदावर सर्वांना खुल्या झाल्या, १८८२ च्या हंटर आयोगाने ते तत्त्व मान्यही केले. तरी मुले आत आली नाहीत. बाबासाहेबांनी वर्षानुवर्षांच्या अहवालांतून हे सिद्ध केले.

याच निवेदनात त्यांनी एक न रुचणारी गोष्टही सांगितली. प्राथमिक शिक्षण स्थानिक शाळा मंडळांच्या हाती देणारा कायदा रद्द करा, नाहीतर अस्पृश्यांचे शिक्षण मागे पडेल, अशी ती मागणी होती. स्थानिक स्वराज्य म्हटले की ते लोकशाहीचेच, असे आपण समाजशास्त्राच्या वर्गात शिकतो. गावचा कारभार ज्यांच्या हातात आहे तेच जर आमच्या मुलाला ओट्यावर बसवत असतील तर काय करायचे, हा प्रश्न पुस्तकात नसतो. सक्तीचे शिक्षण आणि प्रवेशाची कडक अंमलबजावणी या त्यांच्या पुढच्या मागण्या होत्या. ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात डॉ. पी. जी. सोळंकी यांच्यासोबत त्यांनी कमिशनच्या प्रश्नांना तोंडी उत्तरे दिली.

त्यानंतर खुर्ची बदलली. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आता साक्ष ऐकणाऱ्यांत बाबासाहेब होते. १९२९ मध्ये खानदेशातले काम आटोपून ते मुंबईला निघाले आणि एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करण्यासाठी वाटेत चाळीसगावला उतरले. परतल्यावर वस्तीकडे न्यायला टांगेवाले तयार होईनात. टांगा भाड्याने द्यायला एक जण राजी झाला, पण हाकायला नाही. शेवटी सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाने टांगा हाकला, तो पुलावर उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. सरकारी समितीचा सदस्य, बॅरिस्टर, आणि तरीही टांगेवाल्याच्या लेखी महार.

समितीच्या अहवालात एक इशारा होता. अस्पृश्यांनी सार्वजनिक हक्क बजावले की मारहाणीची भीती तर आहेच, पण त्याहून मोठे हत्यार म्हणजे बहिष्कार, कारण त्यांच्या पोटाची दोरी गावाच्या हातात आहे. हे नाशिक जिल्ह्यात लगेच अनुभवाला आले. मंदिराच्या सत्याग्रहाचा सूड खेड्यापाड्यांत निघाला. रस्ते बंद, दुकानातला किराणा बंद, आणि मुलांना शाळा बंद. सत्याग्रह शहरात झाला, त्याची किंमत गावातल्या लेकरांनीही मोजली. आपल्या भाषणांत ही मुले येत नाहीत.

पुढची वीस वर्षे थोडक्यात सांगतो. वसतिगृहे, १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी, सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालये. हे सगळे एका बाजूला उभे राहत होते आणि दुसऱ्या बाजूला कायद्याचे काम चालू होते.

२३ नोव्हेंबर १९४८. संविधान सभेत चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचे कलम चर्चेला आले. हे वचन प्राथमिक शिक्षणापुरतेच ठेवावे, अशी एक दुरुस्ती होती. बाबासाहेबांनी ती मानली नाही. त्यांचा युक्तिवाद असा: चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात वा खाणीत कामाला लावायची बंदी आपण दुसऱ्या कलमात घातली आहे. मग त्या वयापर्यंत मूल कुठेतरी असले पाहिजे, आणि ती जागा शाळाच. बालमजुरीविरुद्ध काम करताना आम्हांला याहून सोपा युक्तिवाद अजून सापडलेला नाही. त्याच दिवशी त्यांनी आणखी एक दुरुस्ती स्वीकारली आणि मोफत प्राथमिक शिक्षण हा नागरिकाचा हक्क म्हणणारे शब्द मसुद्यातून गेले, कारण तो भाग मार्गदर्शक तत्त्वांचा होता. कायद्याच्या दृष्टीने ते सुसंगत होते. पण हक्क हा शब्द परत यायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती यावी लागली, हेही नोंदवले पाहिजे. मिळालेला हक्कही सांभाळावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून सरकारी वा अनुदानित शाळेजवळच्या खासगी शाळांना पंचवीस टक्के राखीव प्रवेशातून सूट दिली. काही पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या, म्हणून जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी प्रवर समितीत आणि सभागृहात वर्षे घालवली. घटस्फोट, मुलीचा वारसा, दत्तक, पोटगी, सगळे त्यात होते. बिल रखडले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५५-५६ मध्ये चार वेगळे कायदे झाले. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण बौद्ध झालो, तरी या कायद्यांच्या व्याख्येत बौद्ध येतातच. पोटगीसाठी किंवा मुलाच्या ताब्यासाठी एखादी ताई आमच्याकडे येते तेव्हा अर्ज त्याच कायद्यांखाली लिहावा लागतो. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी करणाऱ्या तरुणांनी ती मागणी जरूर करावी, पण आधी हे कायदे वाचावेत.

सायमन कमिशनला दिलेली निवेदने आणि विधान परिषदेतली भाषणे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणे मालिकेच्या दुसऱ्या खंडात आहेत. आम्ही महिन्यातून एका रविवारी बुद्धविहारात त्यातली काही पाने वाचतो. गेल्या वेळी त्या शंभरातल्या अठरा मुलांवर थांबलो. एका मुलीने विचारले, आपल्या वस्तीतल्या शाळेत आज किती उरतात? कोणालाच माहीत नव्हते. या महिन्याअखेर त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक आहे, आणि पहिलीत आलेली किती मुले पाचवीपर्यंत टिकली हे आम्ही हजेरीपटांवरून मोजतो आहोत. तीन वर्षांचे पट मिळाले आहेत, दोन वर्षांचे मिळायचे आहेत.