भास्कराचार्य: अधिक-उणेचा हिशेब चोख ठेवणारा गणिती

बहुपदीचा साइन चार्ट काढायचा म्हणजे तीनच कामं. बहुपदी कुठे शून्य होते ते शोधायचं, त्या संख्या रेषेवर मांडायच्या आणि मधल्या प्रत्येक तुकड्यात उत्तर अधिक येतं की उणे ते बघायचं. असा चार्ट भास्कराचार्यांनी काढला नव्हता. पण चिन्ह चुकलं तर उत्तर चुकतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. गाव विज्जलवीड, सह्याद्रीच्या आश्रयाचं. ते आजचं नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

वाशीम आणि शून्य

त्या काळी ग्रहगणित उज्जैनवरून जाणाऱ्या मध्यरेषेपासून मोजत. या रेषेवरच्या गावांच्या जुन्या यादीत वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम येतं. (आजच्या नकाशावर वाशीम उज्जैनच्या एक अंशाहून जास्त पूर्वेला आहे.) गाव रेषेच्या पूर्वेला असेल तर ग्रहाच्या स्थानातून दुरुस्ती वजा करायची, पश्चिमेला असेल तर मिळवायची. रेषेवर दुरुस्ती शून्य. म्हणजे चिन्ह बदलतं ती जागा! इथे चिन्ह उलटं धरलं तर चूक दुप्पट होते.

माकडांचं कोडं

बीजगणितात उणे संख्येच्या डोक्यावर टिंब देत. अधिक असो वा उणे, वर्ग अधिकच येतो आणि उणे संख्येला वर्गमूळ नाही, हे भास्कराचार्यांनी स्पष्ट मांडलं. आता त्यांचं एक कोडं बघा. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. एकूण किती?

एकूण माकडं य धरू.
(य/५ − ३)² + १ = य
सोडवल्यावर: य² − ५५य + २५० = ०, म्हणजे (य − ५)(य − ५०) = ०

डाव्या बाजूचा चार्ट असा:
- य ५ पेक्षा कमी: अधिक (य = ० ला २५०)
- ५ आणि ५० च्या मध्ये: उणे (य = १० ला −२००)
- ५० च्या पुढे: अधिक (य = ६० ला ५५०)

चिन्ह ५ आणि ५० ला बदलतं, म्हणून उत्तरं दोन. मग खरं कोणतं? आता कंसातल्या य/५ − ३ चं चिन्ह बघा. ते १५ ला शून्य होतं. १५ च्या आधी उणे, नंतर अधिक. य = ५ घेतलं तर कंसात −२ येतं. वर्ग केल्यावर हे उणे लपतं आणि समीकरण बरोबर सुटतं. पण उणे दोन माकडं कुठून आणणार? भास्कराचार्यांनी हेच कारण देऊन ५ हे उत्तर सोडलं आणि ५० ठेवलं.

म्हणून समीकरणात वर्ग केला असेल, तर आलेलं प्रत्येक उत्तर मूळ गोष्टीत घालून तपासा.

११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. पुढे नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.