रत्नागिरीचे सावरकर आणि हिंदू महासभेचे अध्यक्ष सावरकर : वाद नेमका कोणत्या निर्णयांचा?

सावरकरांचे नाव निघाले की चर्चा बहुतेक वेळा अंदमान आणि माफीच्या अर्जांवर येऊन थांबते. मात्र देशाच्या राजकारणाशी थेट संबंध असलेले त्यांचे निर्णय त्यानंतरचे आहेत. १९३७ ते १९४३ या काळात ते हिंदू महासभेचे अध्यक्ष होते. त्या निर्णयांवर आजही दोन तट का पडतात?

रत्नागिरीतली १३ वर्षे

विनायक दामोदर सावरकर यांची ६ जानेवारी १९२४ रोजी सशर्त सुटका झाली. रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात पडायचे नाही, या मुख्य अटी होत्या. राजकारण बंद झाल्याने त्यांनी समाजसुधारणा हाती घेतली. शाळेत सर्व जातींच्या मुलांनी एकत्र बसावे यासाठी प्रयत्न केले, सहभोजने घडवली. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले.

१० मे १९३७ रोजी बंधने उठली. त्याच वर्षाअखेर अहमदाबादच्या अधिवेशनात सावरकर महासभेचे अध्यक्ष झाले.

वादाचे तीन निर्णय

१. दोन राष्ट्रांची मांडणी : भारतात हिंदू आणि मुस्लिम अशी दोन राष्ट्रे आहेत, असे त्यांनी अहमदाबादच्या अध्यक्षीय भाषणात मांडले. समर्थकांच्या मते त्यांना देश अखंडच हवा होता, ही केवळ परिस्थितीची नोंद होती. टीकाकार म्हणतात, मुस्लिम लीगचा लाहोर ठराव १९४० चा; त्याआधीच लीगच्या दाव्याला यातून बळ मिळाले.

२. चलेजावला विरोध : ऑगस्ट १९४२ मध्ये आंदोलन सुरू झाले, तेव्हा महासभेच्या लोकांनी आपापली पदे सोडू नयेत, अशी त्यांची सूचना होती. हिंदू तरुणांच्या सैन्यभरतीचाही ते प्रचार करत होते. समर्थक याला लष्करी शिक्षणाची दूरदृष्टी मानतात. हजारो लोक तुरुंगात असताना ही ब्रिटिशांना मदतच ठरली, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

३. लीगसोबत सत्ता : सिंधमध्ये महासभेचे मंत्री लीगच्या नेतृत्वाखालील सरकारमध्ये होते. मार्च १९४३ मध्ये तिथल्या विधानसभेने पाकिस्तानच्या बाजूने ठराव केला. या मंत्र्यांनी विरोधात मत दिले, पण सरकार सोडले नाही. सत्तेत राहून हिंदूंचे हित जपता येते, हा समर्थकांचा युक्तिवाद. अखंड भारताची भूमिका आणि हा व्यवहार जुळत नाही, हा आक्षेप.

मतदारांचा कौल

१९४३ मध्ये सावरकरांनी अध्यक्षपद सोडले. १९४५-४६ च्या निवडणुकांत महासभेचा धुव्वा उडाला आणि हिंदू मतदार काँग्रेसच्या मागे उभा राहिला. पुढे गांधीहत्येच्या खटल्यात सावरकर आरोपी होते. १९४९ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मग खरे सावरकर कोणते?

रत्नागिरीतले सुधारक आणि महासभेचे अध्यक्ष ही दोन वेगळी माणसे वाटतात, पण दोघांचे उद्दिष्ट एकच होते : हिंदू समाजाची एकजूट. त्यासाठी जातींमधल्या भिंती पाडण्याचे काम रत्नागिरीत झाले. त्याच एकजुटीच्या राजकारणाने धर्मांमधली भिंत मात्र उंच केली. त्यामुळे एकच बाजू सांगणारे, मग ते भक्त असोत वा विरोधक, अर्धेच सावरकर सांगतात.