बाळाची ‘सीआरपी’ टेस्ट ज्याच्या लॅबमधून आली, त्या ॲव्हरीला नोबेल कधीच मिळालं नाही

बाळ एनआयसीयूत असलं की एक शब्द सारखा कानावर पडतो, सीआरपी. आज रक्त घेतलं, उद्या परत घेणार. बाहेर बसलेल्या आईबापाला वाटतं, एवढ्याशा जिवाला किती टोचायचं?

याचं उत्तर ऑस्वाल्ड ॲव्हरी नावाच्या माणसाच्या लॅबमध्ये सापडतं.

ॲव्हरीचा जन्म १८७७ चा, कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा. वडील धर्मोपदेशक. कुटुंब न्यूयॉर्कला आलं, पोरगं कॉर्नेट वाजवण्यात पटाईत निघालं आणि १९०४ ला चक्क डॉक्टर झालं. पण दम्याचे, फुप्फुसाचे पेशंट समोर यायचे आणि देण्यासारखं औषधच नसायचं. ती हतबलता त्याला सोसेना. तीन वर्षांत प्रॅक्टिस सोडून गडी लॅबमध्ये शिरला.

१९१३ पासून मुक्काम रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या हॉस्पिटलात. शत्रू एकच, न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकोकस. लग्न नाही, भाषणबाजी नाही.

१९३० मध्ये त्याच्या लॅबमधल्या टिलेट आणि फ्रान्सिस यांना गंमत दिसली. जंतूतून वेगळा काढलेला ‘सी’ नावाचा घटक आजारी माणसाच्या सीरममध्ये टाकला की साका धरायचा. पेशंट बरा झाला की तेच सीरम गप्प. १९४१ मध्ये ॲव्हरी आणि मॅक्लिऑड यांनी दाखवलं की हे काम रक्तातल्या एका प्रोटीनचं आहे. ‘सी’ला प्रतिसाद देणारं म्हणून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. व्हिटॅमिन सीशी काडीचा संबंध नाही.

नवजात बाळाला हे कामाला येतं, कारण त्याला काय होतंय ते सांगता येत नाही. कधी ताप नसतो, फक्त दूध ओढत नाही, सुस्त पडतं. इन्फेक्शन झालं की लिव्हर हे प्रोटीन बनवू लागतं, पण रक्तात वाढ दिसायला काही तास जातात. म्हणून पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टर निर्धास्त होत नाहीत, दुसरा काढतात. उलट अवघड बाळंतपणानेही आकडा चढू शकतो, त्यामुळे एकट्या सीआरपीवर निदान होत नाही. बाळाची तब्येत आणि ब्लड कल्चर सोबत बघावंच लागतं. आकडा खाली आला, तर अँटिबायोटिक थांबवायचं का हे ठरवायला मदत होते.

ॲव्हरीचं मोठं काम मात्र वेगळंच. १९४४ ला मॅक्लिऑड आणि मॅकार्टीसोबत त्याने दाखवलं की आनुवंशिक गुण डीएनएतून जातात. तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांचा भरवसा प्रोटीनवर होता. सॅम्पलमध्ये प्रोटीन राहिलं असेल, अशी शंका निघाली. नोबेलसाठी नाव अनेकदा गेलं, मिळालं एकदाही नाही.

१९४८ मध्ये तो भावाजवळ नॅशव्हिलला राहायला गेला आणि १९५५ ला तिथेच वारला. डीएनएची रचना मांडणाऱ्यांना नोबेल मिळालं, ते १९६२ साली.